वर्चस्व : निसर्गातले आणि समाजातले



'जंगलाचा कायदाच असा आहे' हे वाक्य अलीकडे फार सहजपणे उच्चारले जाते. कचेरीतील वरिष्ठाची अरेरावी असो, घरातील पुरुषाची हुकमत असो, वा एका समूहाने दुसऱ्यावर गाजविलेली सत्ता असो. समर्थनार्थ जीवशास्त्राला साक्षीस बोलाविले जाते. हा साक्षीदार प्रत्यक्षात काय सांगतो, हे ऐकून घेण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले जातात.

लांडग्याचे उदाहरण घ्यावे. कळपात झुंजी होतात, जिंकणारा प्रमुख होतो, ही समजूत जगभर रूढ झाली ती प्रामुख्याने रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांवरून. ते लांडगे होते बाझलच्या प्राणिसंग्रहालयातील, कुंपणात कोंडलेले. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने ही कल्पना घरोघर पोहोचविली. पुढे त्याच मेक यांनी उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समिअर बेटावर मुक्त लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केले आणि १९९९ साली लिहिले की, कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. ज्याला सेनापती म्हटले तो निव्वळ बाप होता! स्वतःचे गाजलेले मत खोडण्याचे हे धैर्य दुर्मीळच. दुर्दैवाने व्यवस्थापनाच्या पुस्तकांतील लांडगा अजूनही बाझलच्या कुंपणातच आहे.

भारतीय राज्यविचार याबाबतीत अधिक सावध होता. मोठा मासा लहान माशाला गिळतो, या स्थितीला कौटिल्याने आणि महाभारताच्या शांतिपर्वाने मत्स्यन्याय म्हटले. पण तो समाजाचा आदर्श म्हणून नव्हे. त्याला कंटाळलेल्या प्रजेने मनूला राजा केले, असे अर्थशास्त्र सांगते.

आनुवंशशास्त्रातील घोटाळा याहून सूक्ष्म आहे, कारण तेथे शब्दच फसवितो. ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाटाण्याच्या गोल दाण्याला प्रभावी आणि सुरकुतलेल्या दाण्याला अप्रभावी ठरविले. दोहोंच्या संकरातून आलेले सगळे दाणे गोल निघाले. पुढच्या पिढीत मात्र ५,४७४ गोल दाण्यांसोबत १,८५० सुरकुतलेले परत आले. 'हरलेला' गुण कोठेही नष्ट झाला नव्हता. मुळात तेथे लढाईच नव्हती. पिठूळ द्रव्याला फाटे फोडणारे एक विकर सुरकुतलेल्या वाणात नीट बनत नाही, हे १९९० साली उलगडले. आईबापांपैकी एकाकडून जरी जनुकाची चांगली प्रत आली, तरी दाणा गोल होण्यापुरते काम भागते. प्रभाव तो एवढाच. (आणि भाजीसाठी गोडीने निवडला जातो तो सुरकुतलेलाच वाटाणा!)

प्रभावी गुण हळूहळू सर्वत्र पसरेल, हा भ्रम तर शास्त्रज्ञांच्या वर्तुळातही होता. १९०८ साली हार्डी या इंग्रज गणितज्ञाने आणि स्वतंत्रपणे वाइनबर्ग या जर्मन वैद्याने तो साध्या बीजगणिताने दूर केला. निवडीचा किंवा अन्य कशाचा दाब नसेल, तर गुण प्रभावी आहे एवढ्याच कारणाने त्याचे प्रमाण वाढत नाही.

या शब्दांच्या गैरसमजाची किंमत महाराष्ट्रात माणसे मोजतात. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. रोग म्हणून पाहिले तर हा जनुक अप्रभावी. आईबाप दोघांकडून आला तरच रोग प्रकट होतो. रक्त तपासले तर एकच प्रत असलेल्या वाहकात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन शेजारी शेजारी नांदताना दिसते. आणि घातक हिवतापापासून संरक्षण म्हणून पाहिले तर ती एक प्रतही उपयोगी ठरते, म्हणून तेथे तोच जनुक प्रभावी! एकाच जनुकाला तीन निकाल मिळतात. प्रश्न बदलला की निकाल बदलतो.

तरीही तपासणीत 'वाहक' असा शेरा आला की मुलीच्या घरी काळजी पसरते, कोणाच्या रक्तात खोट आहे याची चर्चा सुरू होते. वाहक हा रोगी नव्हे. वाहकाचा विवाह वाहक नसलेल्या निरोगी जोडीदाराशी झाला, तर अपत्यास सिकलसेल ॲनिमिया होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी चारात एक, एवढी शक्यता असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीसोबत समुपदेशन ठेवले आहे, ते याचसाठी. पत्रिकेआधी रक्ताचा अहवाल पाहावा लागतो, आणि तो दोघांचाही.