रक्तपिपासूची साक्ष
व्हॅम्पायर म्हणजे थडग्यातून उठून जिवंतांच्या रक्तावर जगणारे, युरोपीय लोकसमजुतीतले पिशाच्च. या पिशाच्चावर आजवर असंख्य चित्रपट निघाले असले, तरी २०१४ साली न्यूझीलंडमधून आलेला ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ हा चित्रपट त्या परंपरेच्या अभ्यासात स्वतंत्र विचार मागतो. जेमेन क्लेमंट आणि तायका वाइटीटी या दोघांनी तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यातील दोन प्रमुख भूमिकाही स्वतःच केल्या. त्याचा खर्च सुमारे १६ लाख अमेरिकन डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने किरकोळच होता. वेलिंग्टन शहरात भाड्याच्या घरात एकत्र राहणाऱ्या चार व्हॅम्पायरांवर एक पथक माहितीपट करीत आहे, अशी त्याची मांडणी आहे. व्हॅम्पायरकथेत नोंद ठेवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, या प्रश्नाशी या चित्रपटातील हास्य जोडलेले आहे, हे दाखवणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

येथे दोन संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. ‘फाउंड फुटेज’ म्हणजे सापडलेले चित्रण: चित्रीकरण करणारे बहुधा मेलेले वा बेपत्ता असतात आणि प्रेक्षकापुढे येते ती त्यांच्या मागे उरलेली फीत, असे मानण्याचा हा संकेत आहे. ‘मॉक्युमेंटरी’ म्हणजे मुलाखती, निवेदन आणि जुनी छायाचित्रे ही माहितीपटाची सारी साधने वापरून सांगितलेली कल्पित कथा. प्रस्तुत चित्रपट मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा आहे. मात्र ज्या रात्री लांडगेमाणसांच्या हल्ल्यात छायाचित्रण करणाराही सापडतो आणि कॅमेरा अंधारात हेलकावू लागतो, तेव्हा तो पहिल्या प्रकाराची भीती पुरेपूर वसूल करतो.

सापडलेल्या नोंदींचा हा संकेत चित्रपटांनी शोधून काढलेला नाही. ब्रॅम स्टोकर यांची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी संपूर्णपणे रोजनिश्या, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांची बनलेली आहे. तिच्यातील डॉक्टर आपली रोजनिशी फोनोग्राफवर, म्हणजे त्या काळच्या नव्या ध्वनिमुद्रणयंत्रावर, नोंदवतो. ड्रॅक्युला या व्हॅम्पायरला इंग्लंडला आणणाऱ्या जहाजाच्या सुकाणूला कप्तानाचे प्रेत बांधलेले आढळते आणि त्याच्या खिशातील बाटलीत नोंदींची गुंडाळी निघते. एवढ्या साऱ्या लेखनात ड्रॅक्युलाच्या हातचे मात्र जवळजवळ काहीच नाही. तो बोलतो तेही इतरांच्या रोजनिशीतून, आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा जमत असल्याचे ओळखून तो हस्तलिखिते आणि ध्वनिमुद्रणाच्या नळ्या जाळून टाकतो. टंकलिखित प्रत तेवढी वाचते. ज्याला स्वतःची बाजू मांडायला जागाच मिळत नाही, तो वाचकाला अज्ञात राहतो, आणि त्याची दहशत बऱ्याच अंशी या अज्ञातपणावर उभी आहे.

१९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने हाच संकेत स्वस्त कॅमेऱ्यांच्या युगात आणला. जंगलात हरवलेल्या तीन विद्यार्थ्यांचे चित्रण म्हणून सादर झालेल्या, अत्यल्प खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले. त्यामागचे गणित सरळ आहे: थरथरता कॅमेरा, अपुरा उजेड आणि अनोळखी चेहरे हे एरवी गरिबीचे दोष ठरतात, पण या प्रकारात तेच खरेपणाचे पुरावे होतात, शिवाय भीतीचे कारण पडद्याबाहेर ठेवता येत असल्याने ते दाखवण्याचा खर्चही वाचतो.

क्लेमंट आणि वाइटीटी यांनी ही व्यवस्था उलटवली. त्यांच्या चित्रपटात कॅमेरा थेट पिशाच्चासमोर ठेवला आहे आणि पिशाच्च मन मोकळे करीत आहे. ३७९ वर्षांचा व्हियागो घरातील कामांच्या वाटणीसाठी सभा बोलावतो, कारण १८३ वर्षांच्या डीकनने पाच वर्षे भांडी घासलेली नाहीत. ८६२ वर्षांचा व्लादिस्लाव्ह जुन्या पराभवाने खचलेला आहे. तळघरात राहणारा आठ हजार वर्षांचा पीटर तेवढा बोलत नाही, आणि तोच काय तो भीतिदायक उरतो. मुर्नाऊ यांच्या १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’तील पिशाच्चावर त्याचे रूप बेतलेले असून त्याचा अंतही त्याच मूकपटाच्या नियमाने, सूर्यप्रकाशाने होतो, स्टोकर यांचा ड्रॅक्युला मात्र दिवसाही वावरू शकत होता.

परंपरेतील नियम येथे दैनंदिन अडचणी होऊन येतात. आरशात प्रतिबिंब पडत नसल्याने बाहेर जाण्यापूर्वी हे मित्र एकमेकांची चित्रे काढून पोशाख कसा दिसतो ते सांगतात; बोलावल्याखेरीज उंबरा ओलांडता येत नसल्याने नाइटक्लबच्या दारवानाची मनधरणी करतात. स्टू नावाचा त्यांचा मानवी मित्र संगणकावर सूर्योदयाची चित्रफीत लावतो, तेव्हा शतकानुशतके न पाहिलेला सूर्य त्यांना दिसतो. पटकथा लिहिलेली असूनही ती नटांना न दाखवता बरेचसे संवाद उत्स्फूर्तपणे घडवले गेले आणि शंभराहून अधिक तासांच्या चित्रणातून दीड तासाचा चित्रपट कापून काढला गेला. त्यामुळे बोलण्यातील अडखळणे आणि विषयांतर यांना खऱ्या मुलाखतीचा पोत आला आहे. भिंतीवर आणि छतावर चालणारे भांडण फिरत्या खोलीच्या नेपथ्यात चित्रित झाले. बेफिकीर वाटणाऱ्या चौकटीत ते आल्यामुळे त्यामागची कारागिरी डोळ्यांत भरत नाही.

या साक्षीला एक अस्वस्थ करणारी बाजूही आहे. पाहुणीचा गळा फोडण्यापूर्वी व्हियागो फरशीवर वर्तमानपत्रे पसरतो आणि तिची शेवटची घटका सुखाची व्हावी म्हणून धडपडतो. प्रेक्षक त्याच्या फजितीला हसतो आणि त्या स्त्रीला विसरतो. तिला मुलाखत नाही. स्टोकर यांच्या कादंबरीत बळी बोलत होते आणि मारेकरी गप्प होता. येथे मारेकरी बोलतो आणि बहुतेक बळी गप्प आहेत. अमरत्वाच्या आशेवर रक्ताचे डाग धुणारी जॅकी ही सेविका मात्र कॅमेऱ्यासमोर स्पष्ट तक्रार करते, आणि तिच्या बोलण्यातूनच या घरातील चाकरीचे स्वरूप उघड होते.

म्हणून माहितीपटाच्या शैलीची ही नक्कल करमणुकीपुरती राहत नाही. ज्याच्यासमोर कॅमेरा थांबतो त्याच्याविषयी आपुलकी उपजते, मग त्याच्या हाताला रक्त का असेना, हे ती सप्रमाण दाखवते आणि त्या आपुलकीची किंमत कोण मोजतो, हे विचारायला भाग पाडते. स्टोकर यांनीही कादंबरीच्या अखेरच्या टिपणात मूळ कागद जवळजवळ उरले नसून केवळ टंकलिखित प्रती हाती आहेत, अशी कबुली पात्राकडून वदवून घेतली होती. नोंदीवर विश्वास बसवायचा आणि तिच्याविषयीचा संशयही जागा ठेवायचा, हे व्हॅम्पायरकथेचे मूळचेच कौशल्य आहे. या विनोदी भयपटाने साक्षीदार बदलून ते नव्याने वापरले.