पिल्लं पोचवताना

आम्ही माण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या आठ जणी. कुणाच्या शेळ्या आहेत, कुणी भाजी विकतं. दोन वर्षांपासून आम्ही आणखी एक काम धरलंय. तालुक्याच्या निवाऱ्यातली आई मेलेली पिल्लं आणि अपघातात पाय गेलेली कुत्री आम्ही पुण्याच्या एका गटाकडे पोचवतो. तो गट त्यांना कायमचं घर बघून देतो. इथं जागा मोकळी झाली की दुसऱ्या जखमी जनावराला उपचार मिळतात.

गावात लोक हसले. म्हणाले, "माणसांना एसटी वेळेवर मिळंना अन् कुत्र्यांना टेम्पो!" पण भाजीचा टेम्पो पहाटे फलटणला जातोच. त्यातच पिंजरा ठेवतो. फलटणच्या बाया तो लोणंद, नीरेवरून जेजुरीपर्यंत नेतात. तिथं पुण्याची गाडी येते. प्रत्येकीनं आपला टप्पा सांभाळायचा. त्यामुळं कुणाचाच दिवस मोडत नाही.

पहिल्या खेपेला मात्र आमची चूक झाली. मे महिना होता, निघायला उशीर झाला. उन्हाची तिरीप नको म्हणून पिल्लांच्या टोपलीवर गोणपाट झाकलं. जेजुरी यायच्या आतच एक पिल्लू गेलं. परत येताना आमच्यातली एकही बोलली नाही. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करतं. हवा कोंडली की जीव जातो.

तेव्हापासून काही गोष्टी आम्ही चुकवत नाही. उन्हाळ्यात पहाटेच निघायचं. चारी बाजूंनी हवा खेळेल असाच पिंजरा घ्यायचा, खाली जुनं गोणपाट अंथरायचं. मोठ्या कुत्र्याला निघण्याआधी चार तास खायला द्यायचं नाही, नाहीतर ते ओकतं. लहान पिल्लांना मात्र फार वेळ उपाशी ठेवायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं करायचं. पाणी थोडं थोडं पाजायचं. अनोळखी कुत्री एका पिंजऱ्यात कोंबायची नाहीत. लसीचं कार्ड सोबत द्यायचं. पिंजरा दुसरीच्या हातात देताना फोटो काढायचा.

दात लागला, ओरखडा निघाला, तर हळद-चुना लावत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं जखम पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीज झाला की माणूस वाचत नाही.

आणखी एक. पलीकडं जागा आहे का, हे फोनवर विचारल्याशिवाय पिंजरा उचलायचा नाही. नुसतं नेऊन सोडणं म्हणजे आपली ब्याद दुसऱ्याच्या दारात टाकणं. गल्लीतली धडधाकट कुत्री तर दुसऱ्या गावी सोडायचीच नाहीत. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून त्यांना जिथली तिथंच परत सोडायचं असतं.

तुमच्या गावावरून टेम्पो, दुधाची गाडी जात असेल तर महिन्यातून एक टप्पा तुम्हीही घ्या. आधी निवाऱ्यातल्या माणसांशी बोला, डॉक्टरांना विचारा, मग सुरुवात करा.

त्या दिवशी जिच्या मांडीवर टोपली होती, ती आजही प्रत्येक खेपेला निघण्याआधी पिंजऱ्यात हात घालून बघते, वारा लागतोय का. तिनं मान हलवली की मगच आमचा टेम्पो सुटतो.