नव्या फोनमधला दर्या

माझा जुना फोन गेल्या महिन्यात थकला. सकाळी पूर्ण चार्ज केला तरी दुपारच्या जेवणापर्यंत मान टाकायचा. शेवटी मुलीने नवा आणून हातात ठेवला. बोट टेकवले की उघडतो, जुने नंबर आणि फोटो तासाभरात आपणहून इकडे आले, आणि अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शेवटचे सुख कॅमेऱ्यापेक्षा मोठे!

पण खरे अप्रूप वाटले ते बोलून लिहिण्याचे. माइकचे चिन्ह दाबायचे, मराठीत बोलायचे, की समोर देवनागरी उमटते. मी माझीच एक जुनी कविता म्हणून पाहिली. वडिलांवरची. ते बोटीवर खलाशी होते. मी म्हटले ‘दर्या’, फोनने लिहिले ‘दऱ्या’.

दर्या म्हणजे समुद्र, फारसीतून आपल्याकडे आलेला. दऱ्या डोंगरांमधल्या. आधीच्या अक्षरावर आघात आला तर ‘र’चा रफार होतो, नाही आला तर तो आडवा होऊन ‘य’ला चिकटतो. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना पाने किती ते सांगायचे! हिंदीला हा आडवा ‘र’ लागत नाही, आपले त्याच्यावाचून अडते. आपला ‘ॲ’सुद्धा युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ साली. तेव्हा यंत्राला आपली अक्षरे कळायला वेळ लागणारच, असे म्हणून मी ती चूक तशीच ठेवली.

पुढच्याच आठवड्यात कोकणात घरी गेलो. अम्मीचे शिक्षण उर्दू शाळेतले. अब्बांची पत्रे उर्दूत यायची, ती स्वतः वाचायची. मी मात्र मराठी शाळेत गेलो, मराठी घेऊन बी. ए. झालो. घरात बोली एकच, पण लिपी दोन. त्यामुळे इतक्या वर्षांत माझी एकही कविता तिने वाचलेली नाही. “काय लिहितोस रे?” असे ती विचारायची आणि मी “असंच काहीतरी” म्हणून उठायचो. वाचून दाखवायला कोणी अडवले होते? कोणीच नाही. संकोच माझाच.

नवा फोन लिहिलेले वाचूनही दाखवतो. म्हटले, आपली सुटका झाली. फोन तिच्या कानाशी धरला. एका बाईच्या आवाजात कविता सुरू झाली, बातम्या सांगाव्यात तशी. अम्मीने शांतपणे ऐकले आणि मध्येच हात वर केला.

“तुझे अब्बा डोंगरात कधी गेले?”

मी चूक समजावू लागलो. ती म्हणाली, “या बाईला काय माहीत? तू वाच.”

श्रोतेहो, मी सभा-संमेलनांत कविता वाचल्या आहेत. पण त्या दिवशी आवाज कापला. चष्मा न लावता वाचले, अक्षरे मोठी होती ना! वाचून झाल्यावर अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ते निघाले तेव्हा पाऊस होता. तो तू लिहिला नाहीस.”

दऱ्यांचा दर्या मी त्याच रात्री केला. पाऊस अजून लिहायचा आहे, आणि तो बोलून नव्हे, हाताने लिहीन म्हणतो. नव्या फोनबद्दल कोणी विचारले तर चांगला आहे असेच सांगतो. त्याने एक शब्द चुकवला, म्हणून मला अम्मीसमोर बसून कविता वाचावी लागली.