उष्ण हवेचे घरगुती इंजिन



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय येते, इतिहास येतो, शेती येते. यंदा चालकांनी आमच्याकडे यंत्राचा विषय सोपविला, आणि तोही बाजारात सहसा विकत न मिळणाऱ्या यंत्राचा. एका दृष्टीने ही निवड बोरीला साजेशीच म्हणावयाची. वैशाखात आपल्या जिंतूर तालुक्यात ज्या वस्तूचा तुटवडा कधीच पडत नाही, ती वस्तू म्हणजे उष्ण हवा! ही हवा कामाला लावता येते काय, किती काम करते, आणि ती कामाला लावताना आपल्या मुलांच्या हाती काय लागते, या तीन प्रश्नांचा विचार आज करू.

हवा तापली की फुगते, निवली की आकसते, हे तत्त्व सर्वांच्या परिचयाचे आहे. तीस अंशांची हवा तीनशे अंशांपर्यंत तापविली, तर त्याच दाबाखाली ती जवळजवळ दुप्पट जागा मागते. आता एका बंद डब्याचे बूड चुलीवर आहे आणि झाकण थंड आहे अशी कल्पना करा. आत एक हलका डबा सैलसा वरखाली सरकतो. तो वर गेला की हवा त्याच्या कडेने खाली, गरम बुडाकडे जाते व फुगते; तो खाली आला की हवा वर, थंड झाकणाकडे जाते व आकसते. या फुगण्या-आकसण्याने दुसऱ्या लहान नळीतील दट्ट्या मागेपुढे होतो आणि चाक फिरते. आतली हवा तीच राहते. तिला धूर लागत नाही, वाफ लागत नाही. विस्तव बाहेरच राहतो. म्हणून पऱ्हाटी, तुराटी, गोवरी, रॉकेल किंवा आरशाने एकवटलेले ऊन, काहीही त्याला चालते.

हे इंजिन स्कॉटलंडमधील एका तरुण धर्मोपदेशकाने, रॉबर्ट स्टर्लिंगने, शोधले. त्याचे पेटंट १८१६ चे आहे, आणि दोनच वर्षांनी, १८१८ मध्ये, अशा एका इंजिनाने दगडाच्या खाणीतील पाणी उपसले. स्टर्लिंगची खरी बुद्धिमत्ता दिसते ती त्याच्या उष्णता राखून ठेवण्याच्या युक्तीत. गरम हवा थंड बाजूकडे जाताना आपली उष्णता वाटेतल्या धातूला देऊन जाते आणि परत येताना तीच घेऊन येते. घरातील काटकसरी गृहिणी कालचे विरजण आजच्या दह्याला लावते, तसाच हा प्रकार. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला नवी उष्णता कमी लागते.

उलट उदाहरण जॉन एरिक्सनचे. त्याने १८५३ साली उष्ण हवेवर चालणारे एक मोठे जहाज चालवून दाखविले. त्याच्या इंजिनातील मुख्य चार दट्ट्यांचा व्यास प्रत्येकी चौदा फूट होता! जहाज चालले, पण अपेक्षेपेक्षा फार मंद. पुढे त्यात वाफेचे यंत्र बसवावे लागले. नुसते आकारमान वाढविल्याने यंत्र सुधारत नाही, ही गोष्ट एवढा खर्च करून जगाला कळली. घरी बसून डब्यांशी खेळणाऱ्याला ती फुकट शिकावयास मिळते.

आपल्या मुलखालाही हे यंत्र अगदीच परके नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी, जेथे वीज पोहोचली नव्हती अशा बंगल्यांसाठी रॉकेलच्या दिव्यावर चालणारे पंखे हिंदुस्थानात विकले जात. खाली दिवा, त्यावर उष्ण हवेचे इंजिन आणि वर पाती, अशी त्यांची रचना असे. मुंबईच्या जोस्ट कंपनीच्या नावाचे असे पंखे जुन्या वस्तूंच्या संग्राहकांनी जपून ठेवले आहेत. पण शेतकऱ्याची विहीर ओढावयास हे इंजिन आले नाही. मोटेची जागा घेतली ती तेलाच्या इंजिनाने. १९३३ साली साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिन तयार झाले, १९४६ साली किर्लोस्करांची तेल-इंजिनांची कंपनी निघाली, आणि मागाहून विजेचा पंप आला. आपल्याच तालुक्यात येलदरीला पूर्णेच्या पाण्यावर २२.५ मेगावॉट क्षमतेचे वीजकेंद्र उभे राहिले. तेलाचे इंजिन त्याच वजनात कितीतरी अधिक जोर देत असे, म्हणून उष्ण हवेचे इंजिन मागे पडले. यात कोणाचा कट नाही की अन्याय नाही.

आता ते घरी कसे बांधावे ते सांगतो. मजबूत पत्र्याचा एक डबा घ्यावा. त्याच्या आत सरकणारा हलका डबा लांबीला साधारण दोन-तृतीयांश असावा आणि भोवती दीड-दोन मिलिमीटर फट राहावी. त्याचा दांडा म्हणून सायकलचा आरा चांगला. तो झाकणातील बारीक पितळी नळीतून सरळ वरखाली झाला पाहिजे. दट्ट्याऐवजी फुग्याचा रबरी पडदाही चालतो. जुनी काचेची सिरिंज मिळाली तर सोन्याहून पिवळे. चाकाला जुन्या सीडी पुरतात. दांडा आणि दट्ट्या यांना जोडणाऱ्या तारेचे दोन वाकडे भाग एकमेकांशी काटकोनात हवेत, म्हणजे हलका डबा दट्ट्याच्या पाव फेरा पुढे राहतो. हा काटकोन चुकला तर इंजिन धडपणे फिरत नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या. डाख दोनशे अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून ज्योतीकडील सांधा डाखाचा नसावा. एकसंध ठोकलेला किंवा दुमडून मुडपलेला डबा निवडावा. दुसरे, आत हवेचा जादा दाब भरू नये आणि गरम भागात तेल घालू नये. मोठ्या माणसाच्या देखरेखीवाचून मुलांनी ज्योत पेटवू नये.

इंजिन फिरले की खरे काम सुरू होते. ते हळू चालत असेल तर मुलांचा पहिला विचार ज्योत मोठी करण्याचा असतो. काही मिनिटे चाक जोरात फिरते आणि मग पूर्वीपेक्षाही मंदावते. याचे कारण असे की उष्णता पत्र्यातून वर चढते आणि झाकणही तापते. इंजिन उष्णतेवर चालते हे अर्धेच खरे आहे. ते चालते उष्ण आणि थंड यांच्यातील अंतरावर. हिशेब पाहा. बूड दोनशे अंशांवर आणि झाकण नव्वद अंशांवर असेल, तर सर्वोत्तम इंजिनालाही उष्णतेपैकी शेकडा २३ हून अधिक भागाचे काम करता येणार नाही. तेच झाकण चाळीस अंशांवर राखले तर ही मर्यादा शेकडा ३४ पर्यंत जाते. विस्तव काडीनेही वाढविलेला नाही! ही मर्यादा कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली दाखविली, आणि कोणत्याही चतुराईला ती ओलांडता आलेली नाही.

मग झाकण थंड कसे ठेवावे? येथे आपला मराठवाड्याचा कोरडा उन्हाळाच मदतीला येतो. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने झाकणावर गुंडाळलेले ओले फडके उष्णता शोषून घेते. हवा जितकी कोरडी, तितके ते अधिक काम करते. कोकणातील दमट हवेत ही सोय इतकी साधत नाही. जी हवा आपल्याला भाजून काढते, तीच येथे थंड बाजू सांभाळते.

पुढील सुधारणा एकेक करून कराव्या. ज्योत काढून चाकाला बोटाने ठराविक धक्का द्यावा आणि किती फेरे होतात ते मोजावे. फेरे कमी असतील तर घर्षण शोधावे. सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती पाहावी. वापरात न येणाऱ्या रिकाम्या जागा बुजवाव्या. शेवटी हलक्या डब्याभोवती भांडी घासण्याच्या बारीक तारेचा पातळ थर द्यावा. ही झाली स्टर्लिंगची काटकसर. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर वहीत नोंद. दोन बदल एकदम केले तर कोणत्याने गुण आला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मोजायचे कसे? चाकाच्या आसाला दोरा बांधून वजन उचलवावे. शंभर ग्रॅम वजन दोन सेकंदांत एक मीटर वर गेले, तर इंजिनाचा जोर सुमारे अर्धा वॉट झाला. चांगल्या घरगुती यंत्रालाही हे मोठेच काम आहे. आता विहिरीवरील पाच अश्वशक्तीचा पंप घ्या. तो सुमारे ३७३० वॉटचा असतो. म्हणजे त्याच्या जागी आपली साडेसात हजार इंजिने लागतील! १९८० च्या दशकात मद्रासला भाताच्या तुसावर चालणारी पाच अश्वशक्तीची स्टर्लिंग इंजिने बांधली गेली होती, पण शेतीत ती रुजली नाहीत. डब्याच्या इंजिनावर शेत भिजेल असे आश्वासन आम्ही देत नाही; कोणी दिले तर त्याच्याकडे वॉटचा आकडा मागावा.

आमच्या मते या विषयाचे खरे मोल येथेच आहे. इंधनाशिवाय चालणारा पंप, फुकट वीज देणारे चाक, अशा जाहिराती आज खेड्यापाड्यांतील प्रत्येक मोबाईलवर येतात आणि कष्टाचा पैसा त्यांत बुडतो. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने अर्धा वॉट मिळविला आहे आणि त्यासाठी महिनाभर घर्षणाशी झगडा केला आहे, त्याला असे कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही. उद्या तो सौरपंप घ्यावयास गेला, तर रंग पाहणार नाही. किती वॉट, किती तास आणि किती उंचीवर किती पाणी, हे विचारील.

आणि हे इंजिन केवळ खेळणे राहिलेले नाही. तेच बाहेरच्या शक्तीने फिरविले तर थंडी निर्माण करते. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९५० च्या दशकात त्यावरून हवा द्रवरूप करणारे यंत्र बनविले. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर जो उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन घेऊन येतात, तो बनविण्याची ही एक रीत आहे. १९८३ मध्ये झाग्रेबच्या इव्हो कोलिन यांनी नुसत्या गरम पाण्यावर चालणारे इंजिन दाखविले. अमेरिकेच्या जेम्स सेन्फ्ट यांनी तो धागा पुढे नेला, आणि आता तळहाताच्या उबेवर फिरणारी चाके होतात. कोलिन आणि सेन्फ्ट हे दोघेही शिकविणारे गृहस्थ होते, ही गोष्ट शाळेच्या मंडळींनी लक्षात घ्यावी.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. येत्या सुटीत शाळेने दहा-बारा मुलांना दोन-दोन डबे द्यावे. गावातील डाख देणाऱ्या आणि सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना सन्मानाने शिकवावयास बोलवावे, कारण या विद्येत गुरू तेच आहेत. ज्याचे इंजिन सर्वांत जलद फिरेल त्याला बक्षीस द्यावेच. पण ज्याच्या वहीत न फिरलेल्या इंजिनाची कारणे नीट लिहिलेली असतील, त्याला त्याहून मोठे द्यावे. पुढल्या वसंतात या व्यासपीठावर आमच्याऐवजी त्या मुलांपैकीच कोणी आपली वही घेऊन उभा राहावा, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.