पाच पौंडांची पांढरी नोट

पाठीमागची बाजू संपूर्ण कोरी असलेली नोट आज कोणी हातात दिली, तर आपण ती घेणारच नाही. पण इंग्लंडमध्ये तशीच नोट दीडशेहून अधिक वर्षं चालली. फ्रान्सशी युद्ध पेटलं, सोन्याची चणचण भासू लागली आणि 1793 मध्ये बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांची नोट काढली. पांढरा कागद, काळी शाई, वळणदार अक्षरं, डाव्या कोपऱ्यात बसलेली ब्रिटानिया. चित्र म्हणावं तर एवढंच! खरी राखण होती ती कागदातल्या जलचिन्हाची. रक्कम त्या काळी मोठी, म्हणून दुकानदार अनेकदा ग्राहकाचं नाव-पत्ता मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेत.

हा साधेपणा दुसऱ्या महायुद्धात महागात पडला. बर्लिनजवळच्या साक्सेनहाउझेन छळछावणीत नाझींनी कैद्यांकडून या नोटांची हुबेहूब नक्कल करून घेतली. 1943 मध्ये बँकेने दहा पौंड आणि त्यावरच्या नोटा काढणंच थांबवलं. युद्ध संपल्यावर, 1945 मध्ये, पाचाच्या नोटेत धातूचा धागा आला. बनावट नोटांच्या पेट्या ऑस्ट्रियातल्या टोप्लिट्झ तलावात बुडवल्या होत्या. 1959 मध्ये त्यांतल्या काही बाहेर निघाल्या.

दोन्ही बाजूंनी छापलेली निळी नोट 1957 मध्ये आली. पांढरी नोट 1961 मध्ये चलनातून बाद झाली, पण अस्सल असेल तर बँक ऑफ इंग्लंड आजही ती बदलून देते. मिळतात मात्र पाचच पौंड. संग्राहक त्याहून कितीतरी जास्त मोजतात.