कोळ्याचे आडनाव

आसेगावच्या आमच्या घरात दादी कोळ्याचे जाळे मोडू देत नसे. "पैगंबरसाहेब गुहेत होते, तेव्हा याच जाळ्याने त्यांना झाकलं," म्हणायची. भिंतीवर उड्या मारणारा कोळी मात्र शिकारीसाठी जाळे विणतच नाही, हे मला पन्नाशीत कळले.

ठाणे-कल्याण परिसरातील अशाच एका कोळ्याला २०२१ मध्ये शहीद तुकाराम ओंबळे यांचे नाव मिळाले. आयसियस तुकारामी! तुकारामी हे त्याचे नाव. आयसियस ही प्रजाती, म्हणजे जणू आडनाव. ते रंगावरून ठरत नाही. नर-मादीचे बारीक अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. जुन्या कुठल्याच प्रजातीत जीव बसला नाही, तर नवी मांडतात. जगातल्या नोंदीतला ५०,०००वा कोळी २०२२ मध्ये दक्षिण अमेरिकेतून आला; त्याच्यासाठी गुरियुरियस ही नवी प्रजाती मांडावी लागली.

"मुसलमान असून मराठीत कविता?" असे मला अजून विचारतात. आता मी सांगतो, "भाऊ, तुमचा खण अपुरा पडत असेल, तर नवा करा. कोळ्यासाठी केलाच ना!"