दर बदलला, बिलं तपासलीत का?


रायपूरच्या पंडरी कापड बाजारातल्या दुकानदारांसाठी आज एक कामाची गोष्ट.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले.
तयार कपड्याचा नग अडीच हजारांपर्यंत असेल, तर कर 5 टक्के.
त्याहून महाग असेल, तर 18 टक्के.

समजा, तीन हजारांच्या शेरवानीवर संगणकानं 5 टक्केच लावले.
गिऱ्हाईक निघून गेलं.
उरलेला कर भरायचा कुणी?
दुकानदारानंच, आपल्या खिशातून.
एका नगाचं जाणवत नाही.
लग्नसराईत मात्र नफाच गळून जातो.

म्हणून, दर बदलला की बिलं तपासा.

संगणकातून विक्रीची यादी काढा.
शेजारी दरपत्रक ठेवा.
ओळ न् ओळ ताडून पाहा.
खरेदी महागली, पण विक्रीचा भाव जुनाच राहिला,
हेही तिथंच सापडतं.

घाऊक बिलात कमी आकारलं असेल,
तर डेबिट नोट काढून फरक मागता येतो.
जास्त आकारलं असेल, तर क्रेडिट नोट द्या.
दुसऱ्याचा पैसा परत करणं, हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

पुन्हा सांगते, दर बदलला की बिलं तपासा.
आज दुकान वाढवण्याआधी
गेल्या महिन्याची यादी तेवढी काढून पाहा.